महाप्रसाद साडेबाराचा, वेबसाइटवर साडेदहाचा

जत्रेच्या दिवशी सकाळी दहा-वीसला देवस्थानच्या खजिनदारांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही, पहिलंच वाक्य, "लोक जेवपाक येवन बसल्यात रे! वेबसायटीचेर कितें बरयलां तुमी?" म्हणजे लोक जेवायला येऊन बसलेत, वेबसाइटवर काय लिहिलंय तुम्ही. मी तेव्हा म्हापशात ऑफिसात होतो, ऑफिस म्हणजे बाजाराच्या मागे एक खोली, दोन टेबलं आणि कुरकुरणारा एक पंखा. महाप्रसाद साडेबाराचा होता. आचाऱ्यांनी भात अजून चढवला पण नव्हता आणि अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासाच्या, व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं पानं कधी मांडतायत याची वाट बघत बसलेली, त्यात एक कुटुंब तर बेळगावहून चोर्ला घाटातून आलेलं, पहाटे पोरांना झोपेतून उचलून गाडीत घातलेलं.

देवस्थान फोंडा तालुक्यातलं आहे, नाव सांगत नाही, कारण त्यांची यात काहीच चूक नव्हती, सगळी आमची होती. आम्ही म्हणजे मी आणि माझा डिचोलीचा पार्टनर. त्यांच्यासाठी एक छोटं वेब ॲप बनवून दिलेलं, त्यात पूजेचं बुकिंग, अग्रशाळेच्या खोल्या, देणगीची पावती आणि नोटिसा. महाजन (देवस्थानचे वंशपरंपरागत सभासद) आणि कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत) मुंबई, बेळगाव, कारवार असे सगळीकडे पसरलेले, त्यामुळे खरं सांगायचं तर बाकी सगळं ठीक आहे पण लोक ॲप उघडतात ते नोटिसा बघायलाच. जत्रा कधी, पालखी किती वाजता, खोली मिळेल का, एवढंच हवं असतं.

नोटिसा लिहितात मास्तर. समितीचे सेक्रेटरी, मराठी शाळेतून रिटायर झालेले, अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनात एक काना इकडचा तिकडे चालत नाही. सुरुवातीला आम्ही त्यांना वर्डसारखा एडिटर दिला होता, बटणं वगैरे असलेला, पण ते वर्डमधून कॉपी-पेस्ट करायचे आणि मजकुराबरोबर वर्डचा सगळा लपलेला कचरा यायचा, एक परिच्छेद बारीक, दुसरा राक्षसासारखा मोठा, मोबाइलवर पान उजवीकडे फाटलेलं. वैतागून आम्ही तो काढला आणि साधा मजकुराचा बॉक्स ठेवला, आत मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरातच खुणा करून तो सजवायची पद्धत. दोन स्टार लावले की ठळक, हॅश लावला की मथळा, बास. डेटाबेसमध्ये स्वच्छ मजकूर राहतो, पान दाखवताना त्याचं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारी पानाची भाषा, होतं. आम्हाला वाटलं की सुटलो.

तर फोन आल्यावर मी पहिल्यांदा पान उघडलं. पानावर स्पष्ट लिहिलेलं, 10. 30 वा. आरती व महाप्रसाद. मग ॲडमिनमध्ये जाऊन नोटीस एडिटला उघडली. तिथे 12. 30. डेटाबेसमध्ये बघितलं, 12. 30. मास्तरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मजकूर टाकलेला, तिथेही 12. 30. म्हणजे लिहिलेलं बरोबर, साठवलेलं बरोबर, पाठवलेलं बरोबर आणि फक्त दाखवलेलं चूक. मास्तरांना फोन लावला तर ते गाभाऱ्याजवळ होते, मागे घंटा वाजत होती, ते म्हणाले, "अरे बाबा, मी बाराच लिहिलंय, पुन्हा वाचून बघ की." आणि ते शंभर टक्के खरं बोलत होते.

आता प्रोग्रामरच्या डोक्यात वेळ चुकली की पहिला शब्द येतो टाइमझोन. मी लगेच सर्व्हरचं घड्याळ बघायला धावलो, दोन तासांचा फरक कुठून येतो म्हणून. नंतर लक्षात आलं की आम्ही वेळ ही वेळ म्हणून साठवलेलीच नाही, तो नुसता मजकूर आहे, त्याला कुठला आलाय टाइमझोन. शिवाय पान नीट बघितलं तर भजन एक तास आधी दाखवत होतं, महाप्रसाद दोन तास आणि रात्रीचं नाटक चक्क तीन तास. एकाच पानावर तीन वेगवेगळे देश.

मास्तरांनी बॉक्समध्ये लिहिलेलं हे असं होतं:

```
7. 30 वा. अभिषेक
8. 30 वा. कुंकुमार्चन
10. 00 वा. भजन
12. 30 वा. आरती व महाप्रसाद

सायंकाळी

5. 00 वा. फुगड्या
8. 00 वा. पालखी
10. 30 वा. नाटक
```

आणि पानावर लोकांना दिसत होतं ते हे:

```
7. 30 वा. अभिषेक
8. 30 वा. कुंकुमार्चन
9. 00 वा. भजन
10. 30 वा. आरती व महाप्रसाद

सायंकाळी

5. 00 वा. फुगड्या
6. 00 वा. पालखी
7. 30 वा. नाटक
```

पार्टनर आला तोपर्यंत, हेल्मेट हातातच, त्याने पानाचा सोर्स, म्हणजे आतला कोड, उघडला आणि हसायलाच लागला. वेळापत्रक नव्हतंच ते. क्रमवार यादी होती, सातपासून सुरू होणारी.

मार्कडाउनमध्ये ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग पूर्णविराम, मग जागा असं आलं की ती क्रमांकाची यादी. पार्सरने, म्हणजे मार्कडाउन वाचून त्याचं एचटीएमएल करणाऱ्या प्रोग्रामने, `7.` हा यादीचा नंबर धरला आणि `30 वा. अभिषेक` हा त्या नंबरचा मजकूर. इथपर्यंत एक वेळ ठीक, दिसायला तेच दिसतं. पण पुढचा नियम असा की यादी कुठून सुरू करायची ते फक्त पहिल्या आकड्यावरून ठरतं, बाकीचे आकडे तुम्ही काहीही लिहा, पार्सर ते टाकून देतो आणि ब्राउझर आपले आपण एक-एक वाढवत जातो. सात, आठ, नऊ, दहा. म्हणून मास्तरांचा तिसऱ्या ओळीतला 10 हा 9 झाला आणि 12 चा 10. मिनिटं मात्र जशीच्या तशी राहिली कारण ती मजकुरात होती. त्यातून पहिल्या दोन ओळी योगायोगाने बरोबर, साडेसातनंतर साडेआठ, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही, मीसुद्धा आदल्या दिवशी पान उघडून बघितलं होतं आणि छान दिसतंय म्हणून बंद केलेलं.

पान फाटलं असतं, स्टार दिसले असते, अक्षरं कचरा झाली असती तर कोणीतरी फोन केला असता. इथे चुकीचं उत्तर बरोबर उत्तराचे कपडे घालून बसलं होतं.

हा नियम मुळात का आहे तेही सांगतो, नाहीतर वाटेल की कोणीतरी मूर्खपणा केलाय. मार्कडाउन जॉन ग्रुबरने २००४ मध्ये काढलं, आरन स्वार्ट्झने त्यात मदत केलेली, पर्ल भाषेतला एक छोटासा प्रोग्राम. कल्पना अशी की लोक साध्या ईमेलमध्ये आधीपासून जे करतात, म्हणजे शब्दाला जोर द्यायला स्टार लावणं, यादीला डॅश लावणं, तेच एचटीएमएलमध्ये बदलायचं आणि मूळ मजकूर वाचायलाही बरा दिसला पाहिजे. यादीचे नंबर टाकून द्यायचे कारण लिहिणाऱ्याला आळशी होता यावं, मधे एक ओळ घुसवली तर खालचे सगळे नंबर बदलत बसायला नको. त्याच्या मूळ प्रोग्राममध्ये तर यादी नेहमी एकपासूनच सुरू व्हायची. गंमत म्हणजे अशी यादी चुकून बनू शकते हे ग्रुबरला माहीत होतं, त्याच्या मूळ माहितीपानावरच उदाहरण आहे, ओळीच्या सुरुवातीला १९८६ हे साल आणि पुढे पूर्णविराम, झाली यादी, आणि त्यावर उपायही दिलाय की पूर्णविरामाच्या आधी उलटी तिरपी रेघ मारा. आपल्याकडे कोणी `1987. गोवा राज्य झालं` असं लिहिलं तर तेच होईल. पुढे प्रत्येकाचा पार्सर वेगळं वागायला लागला म्हणून जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड वगैरे मंडळींनी २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाने नियम नीट लिहून काढले, त्यात पहिला आकडा पाळायचा असं ठरलं. आमचा पार्सर मार्कडाउन-इट, तो कॉमनमार्क पाळतो, म्हणून यादी सातपासून. जुना प्रोग्राम असता तर अभिषेक दीड वाजता दाखवला असता आणि मास्तरांनी आम्हाला आदल्या रात्रीच झोपेतून उठवलं असतं! म्हणजे पार्सर सुधारला म्हणून चूक लपली, हे मला अजून पचत नाही.

मग पुढचा प्रश्न, मास्तर गेले आठ-दहा महिने नोटिसा लिहितायत, आत्ताच का झालं? त्याचं उत्तर मला संध्याकाळी देवळात गेल्यावर मिळालं. मास्तरांच्या मुलाने त्यांना नवीन फोन घेऊन दिलेला. जुन्या फोनच्या कीबोर्डवर आकडे देवनागरी यायचे, नव्यावर इंग्रजी. कॉमनमार्कला यादीचा आकडा म्हणून फक्त 0 ते 9 हे इंग्रजी आकडेच चालतात. `१२. ३०` लिहिलं की त्याच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं, यादी वगैरे काही नाही, जसं लिहिलं तसं दिसतं. म्हणजे मराठी आकड्यांनी आम्हाला इतके महिने वाचवलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

खरं तर पत्ता असायला हवा होता, कारण पहिल्याच आठवड्यात याच गोष्टीची दुसरी बाजू बघितलेली. अग्रशाळेचे नियम मास्तरांनी १. २. ३. करून लिहिले होते आणि पानावर सगळे नियम एकाच परिच्छेदात चिकटून आले, कारण यादी नाही म्हटल्यावर त्या साध्या ओळी, आणि मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारून नवी ओळ होत नाही, ओळीच्या शेवटी दोन रिकाम्या जागा सोडाव्या लागतात किंवा मधे पूर्ण एक ओळ रिकामी. दोन रिकाम्या जागा! जी गोष्ट डोळ्याला दिसतच नाही ती मास्तरांना काय म्हणून शिकवायची. आम्ही पार्सरमधला ब्रेक्स नावाचा पर्याय चालू केला, एक एंटर म्हणजे एक ओळ, झालं, आणि विषय संपला असं समजून चहा प्यायला गेलो. तेव्हा कोणी म्हटलं असतं की बाबा, इंग्रजी आकडे टाकून पण बघ, तर हे पुढचं झालंच नसतं.

आणि आकडा आणि मिनिटांच्या मधली जागा? ती मी मास्तरांना विचारली. "पूर्णविरामानंतर जागा सोडायची, चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं," म्हणाले. यावर काय बोलणार.

त्या दिवशीची मलमपट्टी अशी की मी बॉक्समध्ये पूर्णविराम काढून अपूर्णविराम टाकला, 12:30, दोन मिनिटांचं काम. पण तोपर्यंत लोकांनी पानाचे स्क्रीनशॉट काढून आपापल्या फॅमिली ग्रुपवर फिरवलेले, ते कुठून बदलणार. देवळातून माइकवर तीनदा सांगितलं. तरी संध्याकाळी सहाला पालखी म्हणून बरीच मंडळी आली आणि दोन तास मांडवात बसून राहिली, नाटकाला तर साडेसातपासून खुर्च्या धरलेल्या. खाजेवाल्यांचा धंदा त्या दिवशी चांगला झाला म्हणतात. बेळगावच्या कुटुंबाला आचाऱ्यांनी आतून पोहे आणि केळी दिली, पोरं शांत झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसलो, पातळभाजी-पाव मागवला आणि भांडलो. पार्टनरचं म्हणणं, मार्कडाउन बंदच करून टाक, साधा मजकूर दाखव. माझं म्हणणं, मथळे आणि ठळक अक्षरं आणि लिंका समितीला हव्या असतात, देणगीच्या लिंकवर क्लिक झालं नाही तर तेच लोक परत फोन करतील. भांडताना आम्ही सगळ्या जुन्या नोटिसा एक-एक करून बघायला लागलो आणि मग भांडण आपोआप थांबलं, कारण मार्कडाउनने मास्तरांना किती ठिकाणी त्रास दिलेला ते दिसायला लागलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नव्हती, स्वतःलाच कॉम्प्युटर जमत नाही असं धरून चालले होते.

एक नोटीस बघून तर वाईट वाटलं. शाळेत पत्रलेखनात शिकवतात तसं मास्तर प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायचे, चार-पाच जागा सोडून. मार्कडाउनला चार जागा सोडलेली ओळ म्हणजे प्रोग्रामचा कोड. त्यामुळे 'सर्व महाजन बंधू-भगिनींस' ने सुरू होणारं ते पत्र राखाडी चौकोनात, टाइपरायटरसारख्या अक्षरात, एकच लांबलचक ओळ, मोबाइलवर बोटाने सरकवत सरकवत वाचायची. त्यांनी दोन दिवसांनी ती नोटीस काढून परत टाकलेली, जागा न सोडता. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच काहीतरी करून बघत बसले असणार. दुसरी एक, तातडीची, पाणी बंद राहणार असल्याची. मजकूर झाल्यावर खाली डॅशची रेघ मारून त्याखाली आपलं नाव. मजकुराला चिकटून खाली डॅशची रेघ आली की मार्कडाउन वरच्या मजकुराला मथळा करतं, त्यामुळे अख्खी नोटीस भल्यामोठ्या ठळक अक्षरात आली. ती मात्र सगळ्यांना आवडली होती, पाणी बंद आहे ते लांबून दिसलं.

स्टारची भानगड वेगळी. व्हॉट्सॲपवर एका स्टारने ठळक होतं, मार्कडाउनमध्ये एका स्टारने तिरकं होतं, ठळकला दोन लागतात. आपल्या लोकांना फॉरमॅटिंग शिकवलंय ते व्हॉट्सॲपने, सगळे एकच स्टार लावतात. आणि देवनागरीत तिरकं अक्षर ही मुळात आपली पद्धतच नाही, आम्ही वापरतो त्या मुक्ता फॉण्टात तिरकी अक्षरं नाहीतच, मग ब्राउझर सरळ अक्षरालाच धरून वाकवतो, शिरोरेषेवरून घसरल्यासारखं दिसतं. हे आम्ही स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, एका ओळीत मिटवलं, एक स्टार असो की दोन, दोन्हीला ठळकच दाखवायचं.

पण विभक्तीचं काय करायचं हे कळेना. हा खास मराठीचा त्रास आहे म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्रजीत शब्द ठळक केला की पुढे जागा येते. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो. `**फोंड्या**तला` असं दोन स्टारने लिहिलं तर चालतं. अंडरस्कोरने `__फोंड्या__तला` लिहिलं तर चालत नाही, शब्दाच्या मधला अंडरस्कोर कॉमनमार्क मानत नाही, अंडरस्कोर तसेच दिसतात. आणि मास्तरांनी लिहिलेलं `**अग्रशाळा (जुनी)**च्या चाव्या`, हे स्टारने लिहूनही चालत नाही! कारण बंद करणाऱ्या स्टारच्या आधी कंस, म्हणजे विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर, अशा वेळी नियम म्हणतो की हे बंद करणारे स्टार असूच शकत नाहीत. जागा असती किंवा दुसरं विरामचिन्ह असतं तर चाललं असतं. अवतरणचिन्हानंतर प्रत्यय आला तरी तेच. चिनी-जपानी लिहिणाऱ्यांचीही हीच रड आहे, त्यांच्याकडे तर शब्दांमधे जागाच नसते. यावर आमचा उपाय काही फार हुशारीचा नाही, प्रत्ययसुद्धा ठळकच्या आत घ्या, `**अग्रशाळा (जुनी)च्या** चाव्या`, असं मास्तरांना सांगितलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं, उलट म्हणाले, "शब्द आणि प्रत्यय वेगळे काढायचेच नसतात." हा एकमेव नियम आहे जो त्यांना आवडला.

शोधातही याचाच एक भाऊ सापडला. कोणीतरी नोटिशीत `**महा**प्रसाद` असं अर्धंच ठळक केलेलं आणि आमचा शोध मूळ मजकुरात चालायचा, त्यामुळे महाप्रसाद शोधलं की ती नोटीस मिळत नव्हती, मधे स्टार. आता शोधासाठी स्टार काढलेली वेगळी प्रत ठेवतो.

आणि एक गोष्ट जी कोणाला दिसली नव्हती पण मला घाम फुटला ती अशी की मार्कडाउनच्या आत कच्चं एचटीएमएल लिहिता येतं. मार्कडाउन-इटमध्ये ते मुळात बंद असतं, पण मागे एका उत्सवाला पालखीचं लाइव्ह दाखवायचं म्हणून मी ते चालू केलेलं, व्हिडिओची चौकट टाकायला, आणि नंतर बंद करायला विसरलो. समितीच्या एका लॉगिनचा पासवर्ड सहा जणांना माहीत. कोणीही कुठूनतरी उचललेला कोड नोटिशीत चिकटवला असता तर तो पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालला असता, आणि त्याच ॲपवर लोक देणगी भरतात. आता ते बंद आहे, व्हिडिओसाठी वेगळा खण आहे ज्यात फक्त लिंक टाकायची, आणि शिवाय तयार झालेलं एचटीएमएल पान दाखवायच्या आधी गाळणीतून जातं, ती ठरलेले टॅग (एचटीएमएलच्या खुणा) सोडून बाकी सगळं काढून टाकते. सहा जणांना सहा लॉगिन पण दिले, त्यावर खजिनदार थोडे नाराज आहेत.

आता मूळ आकड्यांचा उपाय. पहिल्यांदा वाटलं की पार्सरमधला क्रमवार यादीचा नियम बंद करू. मार्कडाउन-इटमध्ये एक-एक नियम नावाने बंद करता येतो, आत घेतलेल्या ओळींचा कोड करणारा आणि डॅशच्या रेघेने मथळा करणारा असे दोन आम्ही तसेच बंद केले, कोणालाही त्यांची गरज नव्हती. पण यादीचा नियम एकच आहे, त्यात आकड्यांची यादी आणि ठिपक्यांची यादी दोन्ही येतात, एक ठेवून दुसरी बंद होत नाही. मग मी असं लिहिलं की ओळीच्या सुरुवातीला आकडा, पूर्णविराम, जागा आणि पुढे दोन आकडी मिनिटं दिसली तर ती वेळ समजायची आणि पार्सरकडे जायच्या आधी पूर्णविरामासमोर ती उलटी तिरपी रेघ आपणच घालायची, मूळ मजकुराला हात न लावता.

पार्टनर म्हणाला, "आणि `1. 50 रुपये पावती` लिहिलं तर?" बरोबर, ती खरीखुरी यादी आहे आणि माझा कोड तिला वेळ समजणार. मी अजून दोन अटी घालायला निघालो, त्याने लॅपटॉप बंद केला माझा. म्हणाला, ओळखायला जाऊच नकोस, माणसाने टाकलेला आकडा आपण बदलायचाच नाही, कुठलाच. मग तसंच केलं. ओळीच्या सुरुवातीला कुठलाही आकडा आणि पूर्णविराम असेल तर आम्ही रेघ घालतो, बास. नुकसान इतकंच की नंबर आपोआप पडत नाहीत आणि ओळी यादीसारख्या आत सरकत नाहीत, थोडं कमी सुंदर दिसतं. पण जो आकडा लिहिला तोच दिसतो. मला हे मान्य करायला दोन दिवस लागले, कारण माझा कोड जास्त हुशार होता ना.

आणि कार्यक्रमासाठी आता वेगळा तक्ता आहे. नोटिशीच्या बॉक्सखाली, एका खणात वेळ, दुसऱ्यात कार्यक्रम, वेळ टाइप करायची नाही, घड्याळातून निवडायची, मग ती आम्ही वेळ म्हणून साठवतो आणि आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पण जातो. हे पहिल्यापासून असंच करायला हवं होतं, पण तेव्हा सगळं एका बॉक्समध्ये मावतंय म्हणून आम्ही खूश होतो. मार्कडाउनचा मोह हाच असतो, मजकूर म्हणून काहीही कोंबता येतं, वेळ, दर, फोन नंबर, सगळं.

प्रीव्ह्यू पण बदलला. आधी प्रीव्ह्यू बघायला वेगळं बटण होतं, मास्तरांनी ते कधीच दाबलं नव्हतं, त्यांना वाटायचं दाबलं की नोटीस जाईल. आता बॉक्सच्या खालीच लोकांना दिसेल तसं पान दिसत राहतं आणि प्रकाशित करायच्या आधी एकदा पूर्ण दाखवतो. मार्कडाउन हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. आधी बॉक्सखाली आम्ही बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'येथे मार्कडाउन चालेल', मास्तरांना त्याचा अर्थ विचारला तर ते म्हणाले, मला वाटलं मार्क कमी होतील.

शेवटचं काम जुन्या नोटिसांचं. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक नोटिशीतल्या लिहिलेल्या आकड्यांची पानावर दिसणाऱ्या आकड्यांशी तुलना करणारी. जत्रेची सोडून अजून एक सापडली, रामनवमीची. ती मास्तरांनी नव्हती टाकली, त्यांनी कागदावर लिहून दिलेली आणि खजिनदारांच्या मुलीने लॅपटॉपवर जशीच्या तशी टाइप केलेली, पूर्णविरामानंतरच्या जागेसकट. लिहिलेलं होतं `10. 00 वा. कीर्तन` आणि त्याखाली `12. 00 वा. रामजन्म`. पानावर दहाला कीर्तन, अकराला रामजन्म.

मी खजिनदारांना फोन करून विचारलं की त्या दिवशी लोक लवकर आले होते का, कोणी काही बोललं का. ते म्हणाले, "कोण येणार? रामजन्म बाराला असतो, ते बघायला वेबसाइट कोण उघडतो?"